सातवी-आठवीच्या मुलांना व्हिडिओ एडिटिंग शिकवायचं, तर सुरुवात कुठून करायची?

फोन हातात दिला तर सातवीतली मुलगी दोन मिनिटांत रील तयार करते. टेम्प्लेट निवडायचं, गॅलरीतले आठ फोटो टाकायचे, गाणं आधीच लावलेलं असतं. ठेक्यावर फोटो बदलतात, शेवटी नाव झळकतं. घरचे कौतुकानं म्हणतात, "हिला एडिटिंग येतं."

पण याच मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनाचं ४० मिनिटांचं चित्रीकरण दिलं आणि त्यातून ३ मिनिटांचा व्हिडिओ करायला सांगितलं, तर ती अडते. सुरुवात कशानं करायची? काय ठेवायचं? काय काढायचं? हे प्रश्न टेम्प्लेटनं तिला कधी विचारलेलेच नसतात. त्यांची उत्तरं दुसऱ्या कोणीतरी आधीच देऊन ठेवलेली असतात.

शाळेत एडिटिंग शिकवायचं म्हणजे हे निर्णय मुलांच्या हाती परत द्यायचे. त्याची गरज फक्त व्हिडिओ बनवण्यापुरती नाही. ही मुलं दिवसभर इतरांनी कापलेले, जोडलेले व्हिडिओ पाहतात आणि त्यातलं बरंचसं खरं मानतात. कट कसा काम करतो हे कळलेलं मूल समोर आलेल्या क्लिपकडे वेगळ्या नजरेनं पाहतं.

'कट' म्हणजे नेमकं काय?

मराठी सिनेमाच्या श्रेयनामावलीत एडिटिंगला 'संकलन' म्हणतात. संकलन म्हणजे गोळा करून जुळवणं, तर कट म्हणजे कापणं. काम दोन्ही मिळून होतं. फिल्मच्या काळात संकलक खरोखरच पट्टी कापून दुसऱ्या पट्टीला चिकटवायचे. आता तेच काम स्क्रीनवरच्या टाइमलाइनवर होतं.

दोन शॉट शेजारी ठेवले की पाहणाऱ्याच्या मनात तिसरीच गोष्ट तयार होते, हा एडिटिंगचा पाया आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या आसपास याच कल्पनेवर प्रयोग केले. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग असा सांगितला जातो : एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच शॉट तीन वेळा वापरला. एकदा त्याला सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटीतलं मूल आणि एकदा एक स्त्री. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. चेहरा मात्र कुठेच बदललेला नव्हता.

हा प्रयोग वर्गात एका तासिकेत करता येतो. एका मुलाचा बाजूला पाहणारा, कोणतेही हावभाव नसलेला चेहरा ५ सेकंद टिपायचा. मग तीन वेगळे शॉट घ्यायचे : उघडा डबा, लाल शेऱ्यांनी भरलेला गणिताचा पेपर आणि शेजारचं रिकामं बाक. प्रत्येकाला तोच चेहरा जोडायचा आणि तीन क्लिप तीन वेगळ्या गटांना दाखवून विचारायचं, "याच्या मनात काय चाललंय?" भूक, धास्ती, गैरहजर मित्राची आठवण अशी उत्तरं येऊ लागली की मग तिन्ही क्लिप सगळ्यांना एकत्र दाखवायच्या. अर्थ चेहऱ्यात नव्हता, जोडणीत होता, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

फाळक्यांचा वाटाणा

कट आणि काळाचं नातं समजावायला दादासाहेब फाळके यांचं उदाहरण जवळचं आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी फाळके यांनी एक छोटी फिल्म बनवली होती. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि कित्येक दिवस थोड्या थोड्या फ्रेम टिपत राहिले. पडद्यावर मात्र वाटाण्याचं रोप पाहता पाहता वाढताना दिसलं. ही करामत दाखवूनच त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं.

वर्गासाठी हाच प्रयोग मुगावर करावा. ओल्या कापसावर मूग ठेवायचे, फोन रोज त्याच जागी, त्याच उंचीवर लावायचा. ६ दिवस, रोज ६ फोटो, म्हणजे ३६ फोटो होतात. व्हिडिओत दर सेकंदाला २५ फ्रेम असतील आणि प्रत्येक फोटो ५ फ्रेम ठेवला, तर ७ सेकंदांचा व्हिडिओ तयार होतो. सहा दिवसांचे सात सेकंद कसे झाले, हा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला की 'फ्रेम' हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. विज्ञानाच्या तासाचं कामही त्यातच होतं.

पहिला धडा : लिंबू सरबत

सुरुवातीलाच मुलांना 'शॉर्ट फिल्म' करायला सांगितलं की कथा, अभिनय आणि भांडणं यातच आठवडा जातो. त्यापेक्षा एखादी ठरलेल्या क्रमानं होणारी कृती द्यावी. लिंबू सरबत त्यासाठी सोयीचं आहे, कारण गॅस लागत नाही आणि शेवटी प्यायलाही मिळतं.

आठ शॉट पुरतात : टेबलावरचं सगळं साहित्य, लिंबू कापणारा हात, रस पिळणं, साखर घालणं, ढवळणारा चमचा, करणाऱ्याचा चेहरा, ग्लासात ओतणं आणि पहिला घोट. चित्रीकरणाचे नियम तीनच :

- कृती सुरू होण्याआधी ३ सेकंद रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि ती संपल्यावर ३ सेकंदांनी थांबवायचं. कापायला जागा उरते.
- झूम करायचं नाही. जवळचं दाखवायचं तर दोन पावलं पुढे जायचं.
- फोन सगळ्यांनी एकाच दिशेनं धरायचा. काही शॉट आडवे आणि काही उभे असतील, तर जोडताना बाजूला काळे पट्टे येतात.

यानंतर लगेच कॉम्प्युटरकडे वळू नये. प्रत्येक शॉटची एक चिठ्ठी करायची आणि आठ चिठ्ठ्या बाकावर मांडायच्या. आधी कृतीच्या क्रमानं मांडायच्या. मग 'पहिला घोट' ही चिठ्ठी उचलून सगळ्यात आधी ठेवायला सांगायचं. पिणाऱ्यानं तोंड वाकडं केलं असेल, तर आता प्रश्न तयार होतो : याच्या सरबतात चुकलं काय? उरलेले सात शॉट त्या प्रश्नाचं उत्तर देतात. शॉट तेच, क्रम बदलला आणि माहितीची गोष्ट झाली. हे कागदावर कळलं की सॉफ्टवेअर नुसतं साधन उरतं.

सॉफ्टवेअरमध्ये आधी काय शिकवायचं?

कोणत्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शेकडो बटणं असतात. पहिल्या आठवड्यात तीन कामं पुरेशी आहेत : क्लिपचे दोन तुकडे करणं, क्लिपची कड ओढून ती लहान करणं आणि तुकड्यांची जागा बदलणं. एवढ्यावर सरबताचा व्हिडिओ पूर्ण होतो.

ट्रान्झिशन आणि इफेक्ट पहिल्या आठवड्यात बंद ठेवलेले बरे. मुलांना ते वापरू द्यायचे नाहीत असं नाही, पण आधी त्यांचा अर्थ कळायला हवा. एक चित्र विरत दुसरं उमटलं की पाहणाऱ्याला वाटतं, मध्ये बराच वेळ गेला. पडदा काळा झाला की वाटतं, काहीतरी संपलं. साखर घालणं आणि ढवळणं यांच्यामध्ये चित्र गरगर फिरवलं, तर त्याचा अर्थ काय? उत्तर नसेल तर साधा कट चांगला.

साधा कटही खटकू नये यासाठी एक युक्ती आहे. हालचाल चालू असतानाच कापायचं. लांबच्या शॉटमध्ये हात लिंबाकडे जाताना कापलं आणि जवळच्या शॉटमध्ये तोच हात लिंबू उचलताना घेतला, तर डोळा हालचालीच्या मागे जातो आणि जोड लक्षात येत नाही.

लॅबमध्ये जुने कॉम्प्युटर असतील तर?

शॉटकट, ओपनशॉट आणि केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहेत. ती विंडोजवर चालतात आणि लिनक्सवरही. दाविंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती मिळते, पण तिला ताकदवान कॉम्प्युटर लागतो. फोनवर काइनमास्टरसारखी ॲप चालतात. मोफत आवृत्तीत व्हिडिओवर कंपनीचा शिक्का येतो, शिकण्याच्या दृष्टीनं त्यानं काही बिघडत नाही.

खरी अडचण जागेची आणि वेगाची असते. फुल एचडी दर्जाच्या एका मिनिटाच्या चित्रीकरणाला फोनच्या मॉडेलनुसार साधारण ६० ते १५० एमबी जागा लागते. त्यामुळे चित्रीकरणाआधी फोनच्या सेटिंगमध्ये दर्जा ७२०पी करून घ्यावा. वर्गातल्या प्रोजेक्टरवर तेवढा पुरतो आणि जुना कॉम्प्युटरही अडखळत नाही.

एका कॉम्प्युटरवर तीन मुलं असली तरी चालतं, पण कामं वाटून द्यावी लागतात. एकाच्या हाती माउस, दुसऱ्याकडे चिठ्ठ्यांचा क्रम, तिसऱ्याच्या कानाला हेडफोन. दर १० मिनिटांनी जागा बदलायच्या. हे केलं नाही, तर ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तोच पूर्ण तासभर माउस धरून बसतो आणि ज्याला शिकायचं होतं तो मागून बघत राहतो.

"सर, माझा व्हिडिओ गेला!"

ही ओरड प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येते. बहुतेक वेळा व्हिडिओ गेलेला नसतो. एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल म्हणजे पाककृतीची वही. कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, कशानंतर, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. क्लिप स्वतः त्या फाइलमध्ये नसतात. मुलानं पेनड्राइव्हवरूनच क्लिप टाइमलाइनवर ओढल्या आणि घरी जाताना पेनड्राइव्ह काढून नेला, तर दुसऱ्या दिवशी वही असते, साहित्य नसतं.

म्हणून सवय एकच : आधी गटाच्या नावाचा एक फोल्डर करायचा, सगळ्या क्लिप त्यात कॉपी करायच्या, त्यांना 'लिंबू-कापणं', 'पहिला-घोट' अशी नावं द्यायची आणि मगच सॉफ्टवेअर उघडायचं. नंतर फोल्डर हलवायचा नाही.

दुसरा गोंधळ 'सेव्ह' आणि 'एक्स्पोर्ट' यांचा. सेव्ह केल्यानं वही जपली जाते. एक्स्पोर्ट केल्यावरच कोणत्याही फोनवर लागेल असा पूर्ण व्हिडिओ तयार होतो. तासिका संपायच्या १० मिनिटं आधी एक्स्पोर्ट सुरू करायचं, हे वेळापत्रकात लिहूनच ठेवावं.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

चित्र थोडं धूसर असेल तर लोक पाहतात. बोलणं नीट ऐकू आलं नाही तर लगेच पुढे सरकतात. वर्गात पंखा बंद करणं आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवणं, या दोन गोष्टींनी निम्मं काम होतं. शिवाय रिकाम्या खोलीचा ३० सेकंदांचा आवाज वेगळा टिपून ठेवावा. खोलीची शांतताही पूर्ण शांत नसते. जिथे बोलणं कापलं जातं तिथे हा आवाज खाली घातला की मध्येच कान बंद झाल्यासारखं वाटत नाही.

पुढची पायरी म्हणजे चित्राआधी आवाज आणणं. पडद्यावर अजून वर्ग दिसतोय, पण घंटा ऐकू आली, आणि मग मैदानावर धावणारी मुलं दिसली. आवाजाची पट्टी एक-दोन सेकंद अलीकडे ओढली की हे जमतं.

गाण्यांचं काय? रीलमध्ये मिळणारं गाणं ॲपनं त्याच्या आत वापरण्यापुरतं उपलब्ध केलेलं असतं. तेच शाळेच्या यूट्यूब व्हिडिओला लावलं तर हक्कधारक दावा करू शकतो. भारतात ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ओवी किंवा लोकगीत पारंपरिक असलं, तरी एखाद्या गायिकेनं केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण ही वेगळी गोष्ट आहे. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं. त्याहून सोपा उपाय वर्गातच असतो : लेझीम, ढोलकी किंवा बाकावर धरलेला ठेका मुलांनी स्वतः रेकॉर्ड करायचा.

सगळ्यात महत्त्वाची तासिका

आता मुलं मुलाखत कापायला तयार असतात, आणि इथेच एडिटिंग गंभीर होतं.

समजा, ग्रंथपालबाईंना विचारलं, "मुलांनी मोबाइल वापरावा का?" त्या म्हणाल्या, "मोबाइल वाईट नाही. त्यावर पुस्तकंही वाचता येतात. पण रात्री जागून तो बघत बसलात, तर नुकसान तुमचंच आहे."

वर्गाचे दोन गट करायचे. पहिल्यानं बाई मोबाइलच्या बाजूनं बोलतात असं वाटायला हवं, दुसऱ्यानं विरोधात. अट एकच : नवा शब्द घालायचा नाही. पहिला गट पहिली दोन वाक्यं ठेवतो, दुसरा फक्त शेवटचं. जिथे कापलं तिथे चेहरा झटका बसल्यासारखा हलतो, म्हणून दोन्ही गट त्या जागी कपाटातल्या पुस्तकांचा शॉट टाकतात. आवाज चालू राहतो, जोड झाकला जातो.

मग दोन्ही व्हिडिओ आणि मूळ मुलाखत बाईंसमोरच दाखवायची. शब्द सगळे बाईंचेच असतात, तरी दोन्ही व्हिडिओंमध्ये त्यांचं म्हणणं अर्धवटच येतं. ग्रुपवर फिरणारी एखाद्याच्या भाषणाची १५ सेकंदांची क्लिप अशीच तयार होऊ शकते, हे त्या क्षणी वेगळं सांगावं लागत नाही. त्यासाठी बनावट आवाज किंवा एआय लागत नाही, एक कट पुरतो.

यातून वर्गासाठी एक नियम निघतो : बोलणाऱ्याचं वाक्य लहान करता येईल, पण त्याचा अर्थ बदलायचा नाही, आणि अंतिम व्हिडिओ आधी त्याला दाखवायचा. कोणतीही क्लिप पुढे पाठवण्याआधी विचारायचे प्रश्नही इथेच मिळतात. याच्या आधी काय बोललं गेलं? नंतर काय? बोलता बोलता मध्येच दुसरं दृश्य आलं, तर त्याखाली कट लपला आहे का?

अपलोड करायचं का?

शिकण्यासाठी अपलोड करावंच लागत नाही. वर्गातला पडदा आणि पालकसभा हे पुरेसे प्रेक्षक आहेत. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान वय १३ वर्षं लागतं, म्हणजे सातवीतल्या अनेक मुलांचं ते वयही झालेलं नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती डिजिटल माध्यमात वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्यामुळे शाळेनं चित्रीकरणाआधीच पालकांची लेखी परवानगी घ्यावी. पालकांनी हो म्हटलं आणि मुलानं नको म्हटलं, तर मुलाचं ऐकावं.

चौकटीत मागे काय दिसतंय, हेही एडिटिंगचंच काम आहे. गणवेशावरचा बिल्ला, ओळखपत्र, शाळेच्या बसचा नंबर यांवरून मूल कुठे असतं हे अनोळखी माणसालाही कळतं. तो शॉट कितीही छान असला तरी काढायचा.

वेळ आणि शिकवणारे कुठून आणायचे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवसांची कल्पना मांडली आहे. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडून प्रत्यक्ष काम शिकावं, अशी अपेक्षा आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एखादा तरुण आता तालुक्याच्या गावीही सापडतो. सहा-सात तासांच्या समारंभातून अर्ध्या तासाची आठवण काढणं हा त्याचा रोजचा व्यवसाय आहे. 'कुठला शॉट तुम्ही कधीच काढत नाही?' हा प्रश्न मुलांनी त्याला विचारला, तर एक तास कसा जातो ते कळणार नाही.

गुण कशाला द्यायचे?

झगमगाटाला गुण दिले, तर पुढच्या वेळी सगळे व्हिडिओ झगमगतात. त्यापेक्षा लांबीची मर्यादा ६० सेकंद ठेवावी आणि तीन कसोट्या लावाव्यात. आवाज बंद करून पाहिलं तर काय घडतंय ते कळतं का? डोळे मिटून ऐकलं तर कळतं का? आणि शिक्षकांनी कोणत्याही शॉटवर बोट ठेवून "हा काढला तर काय बिघडेल?" असं विचारलं, तर गटाला उत्तर देता येतं का? तिसऱ्या प्रश्नाला सर्वाधिक गुण.

यानंतर स्नेहसंमेलनाचं ते ४० मिनिटांचं चित्रीकरण पुन्हा त्याच मुलीला द्यावं. आता तिला दिसेल की पहिल्या रांगेत नाचणारी चार मुलं प्रत्येक शॉटमध्ये आहेत आणि मागच्या रांगेतली एकदाच, तीही ओझरती. पडदा ओढणारे शिपाईमामा फक्त दोन सेकंद दिसतात. तीन मिनिटांत सगळे मावणार नाहीत. कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही, हे तिनं ठरवायचं आहे, आणि मागच्या रांगेतल्या मैत्रिणीनं "मी का नाही?" असं विचारलं तर उत्तरही तिनंच द्यायचं आहे.